थांबण्यापुरती जागा

"गाडी फार वेगात नव्हती हो, डॉक्टर." सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रपाळीला हे वाक्य जितक्या वेळा कानावर पडते, तितके दुसरे क्वचितच पडत असेल. सांगणारे खोटे बोलत नसतात. दुचाकी चाळीसच्याच वेगात असते, बाजारातून घराकडे निघालेली असते, आडवे कुत्रे येते, ब्रेक दाबला जातो, एवढेच. मग स्ट्रेचरवरचा माणूस बेशुद्ध का, हे नातेवाइकांना उमगत नाही. आणि पहाटे तीन वाजता ते समजावून सांगण्यासारखी परिस्थितीही नसते. ते उत्तर दिवसाउजेडी सांगायला हवे. गंमत अशी की ते वैद्यकशास्त्रातले नाहीच. आपल्या राज्यातल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा आहे 'गतीचे नियम', त्यात ते आहे.

बस अचानक थांबली की प्रवासी पुढे का झुकतात? कारण द्या. या प्रश्नाचे 'जडत्वामुळे' असे उत्तर लिहून आपण सगळ्यांनी गुण मिळवले आणि तो नियम परीक्षेच्या हॉलमध्येच ठेवून बाहेर पडलो. न्यूटनने १६८७ साली तो मांडला. एखाद्या वस्तूवर असंतुलित बल लागू झाले नाही, तर स्थिर असलेली वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने, त्याच दिशेने सरळ चालत राहते. नियमाचा पहिला अर्धा भाग कोणालाही पटतो. दुसरा अर्धा पटत नाही, कारण आपला रोजचा अनुभव उलट सांगतो. बैल थांबले की गाडी थांबते. सायकलला पायडल मारणे सोडले की ती मंदावते. चालत राहायला बल लागते, थांबणे आपोआप होते, असे ॲरिस्टॉटलपासून गॅलिलिओपर्यंत जवळजवळ दोन हजार वर्षे माणसे मानत आली. घर्षण सगळीकडे इतके मुरलेले आहे की ते बल आहे हेच कोणाच्या ध्यानात आले नाही.

थांबणे आपोआप होत नाही. चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या दुचाकीवरचा माणूसही चाळीसच्याच वेगाने जात असतो. दुचाकी थांबली म्हणून तो थांबत नाही. त्याच्या शरीराला कोणीतरी वेगळे थांबवावे लागते. कोण थांबवणार, शरीराचा कुठला भाग धरून, आणि किती अंतरात, एवढेच प्रश्न उरतात. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

हे आपल्या अंगवळणी का पडत नाही, त्याचे कारण आपल्या कानात आहे. ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, आतल्या कानात, तोल सांभाळणारा अवयव असतो. त्यात जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात आणि त्या थरात बारीक केसांसारखी टोके असलेल्या पेशी रुतलेल्या असतात. गाडी सुटली की हे कण जडत्वामुळे किंचित मागे राहतात, केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. वेग एकदा स्थिर झाला की कण पुन्हा जागेवर येतात आणि खबर थांबते. म्हणजे हा अवयव वेगातला बदल ओळखतो. खुद्द वेग त्याला कळतच नाही. वाऱ्यावरून, आवाजावरून, मागे पळणाऱ्या झाडांवरून आपण वेगाचा अंदाज बांधतो. काचा वर करून वातानुकूलन लावले की तोही जातो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात मागच्या सीटवर मांडी घालून चिवडा खाणाऱ्या माणसाला आपण दिवाणखान्यात बसलो आहोत असेच वाटते. त्याच्या शरीराने त्याला फसवलेले नाही. वेग मोजण्याचे साधनच शरीराला मिळालेले नाही.

वेगाची भीती वाटत नाही. उंचीची मात्र उपजत वाटते. म्हणून वेगाचे उंचीत रूपांतर करून पाहू. उंचावरून पडणारी वस्तू जमिनीवर पोहोचते तेव्हा तिचा वेग किती असतो, हे साध्या सूत्राने निघते. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सव्वासहा मीटर उंचीवरून, दोन मजल्यांवरून, पडल्यावर येणारा वेग. ६० म्हणजे चौदा मीटर, साडेचार मजले. ८० म्हणजे पंचवीस मीटर, आठ मजले. १२० म्हणजे सुमारे ५७ मीटर, अठरा-एकोणीस मजले. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन मजल्यांच्या गच्चीला कठडा नसेल तर आपण मुलांना तिथे खेळू देत नाही. तीच मुले चाळीसच्या वेगात दुचाकीच्या टाकीवर बसवून शाळेत सोडली जातात.

तरीही वेग स्वतः कोणाला इजा करत नाही. डांबरी रस्त्यावर एखाद्याची दुचाकी घसरते आणि तो दहा-बारा मीटर फरफटत जातो. कातडी सोलवटते, पँटच्या चिंध्या होतात, बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. असा रुग्ण बहुधा ओरडत येतो आणि ओरडत येणारा रुग्ण डॉक्टरला बरा वाटतो. त्याच वेगातला दुसरा माणूस विजेच्या खांबावर आदळतो, अंगावर फारसे खरचटलेलेही नसते, आणि तो शांत असतो. वेग तोच. पहिल्याला थांबायला बारा मीटर मिळाले, दुसऱ्याला काही सेंटिमीटर.

आता डोक्याचा हिशेब. दुचाकीवरून पडणाऱ्या माणसाचे डोके साधारण दीड मीटर उंचीवरून रस्त्यावर येते, असे धरू. दुचाकी उभी असली तरी एवढे पडणे ठरलेलेच. डोक्यावर काही नसेल आणि ते कवटीच्या व कातडीच्या दबण्यापुरत्या, समजा तीन मिलिमीटर अंतरात थांबले, तर दीड मीटरला तीन मिलिमीटरने भागायचे. उत्तर येते ५००. डोक्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सरासरी पाचशे पट बल. तेच डोके अडीच सेंटिमीटरमध्ये थांबले, तर भागाकार ६० येतो. पाचशे आणि साठ यांच्यामध्ये बावीस मिलिमीटर आहेत, आणि हेल्मेट म्हणून आपण विकत घेतो ते हेच बावीस मिलिमीटर.

हेल्मेटचे बाहेरचे टणक कवच डोके वाचवते, असा सार्वत्रिक समज आहे. कवच टोकदार वस्तू आत घुसू देत नाही आणि आघात पसरवते, ते हवेच. पण डोक्याला थांबायला जागा देतो तो आतला थर्माकोल. तो चुरडतो, आणि चुरडताना ऊर्जा खातो. स्पंज चालत नाही, कारण स्पंज जोराच्या आघाताखाली क्षणात चपटा होतो आणि पुढचे सगळे डोक्यावर सोपवतो. रस्त्याकडेला दीडशे-दोनशे रुपयांत मिळणारी जी टोपीवजा हेल्मेटे आहेत, त्यांचे अस्तर काढून पाहावे. बऱ्याचदा आत नुसता स्पंज आणि रेक्झीन असते. ती दंड वाचवतात. थर्माकोल एकदा चुरडला की पुन्हा फुगत नाही, म्हणून आपटलेले हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसले तरी ते संपलेले असते. आणि हनुवटीखालची पट्टी न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पोहोचते. तेही जडत्वाचा नियम पाळते. हेल्मेटने केस गळतात ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की केस उगवायला डोके शिल्लक लागते.

दुचाकीस्वाराच्या हेल्मेटमागे एका डॉक्टरची चिकाटी आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी, शुद्धीवर न येताच, गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. त्या मृत्यूनंतर केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये, महायुद्ध चालू असताना, हेल्मेटचा उपयोग दाखवणारा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. ब्रिटिश लष्कराने त्याच वर्षी निरोप्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांवर सक्ती यायला तिथेही १९७३ उजाडले. आपल्याकडे सक्ती आली की मोर्चे निघतात, याचे म्हणूनच मला फार आश्चर्य वाटत नाही. तीस वर्षे त्यांनाही लागली.

आपल्या रस्त्यांवर मात्र एक अपघात असा आहे जो केर्न्स यांच्या रुग्णांत फारसा नसावा, आणि आमच्याकडे दर आठवड्याला असतो. दुचाकी नवरा किंवा मुलगा चालवतो, मागे बाई एका बाजूला पाय सोडून बसलेली असते, मांडीवर पिशवी किंवा मूल. गतिरोधक येतो. बहुधा त्यावर पांढरे पट्टे नसतात, आधी फलक नसतो, वरचा दिवा बंद असतो. पुढचे चाक उचलले जाते आणि खाली येते, मग मागचे चाक आपटून वर उडते. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असते. दुचाकी जे करते ते हातांमार्फत त्याच्या शरीरालाही करावे लागते. मागच्या बाईला धरायला काहीच नसते. सीटने तिला वर ढकलले, सीट खाली गेली, दुचाकी पुढे गेली. ती मात्र ज्या दिशेने फेकली गेली त्याच दिशेने चालू राहते आणि रस्त्यावर उताणी पडते. डोक्याची मागची बाजू आधी आपटते. चालवणाऱ्याला पुष्कळदा दहा-वीस पावले पुढे गेल्यावर कळते. त्याला खरचटलेलेही नसते.

कवटी थांबली तरी आतला मेंदू थांबलेला नसतो. तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, लोण्यासारखा मऊ, थोड्याशा पाण्यात तरंगणारा हा अवयव आपला वेग घेऊन चालू राहतो. मार मागे बसतो आणि मेंदूचा पुढचा भाग व कानशिलाजवळचे भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासून चेचले जातात. मेंदूच्या पृष्ठभागापासून कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणून तुटतात आणि रक्त साचू लागते. काहींमध्ये ते सावकाश साचते आणि घरी चालत गेलेला माणूस काही तासांनी किंवा दिवसांनी झोपाळू होऊन परत येतो. नाकाच्या छताला असलेल्या चाळणीसारख्या हाडातून वासाच्या नसांचे तंतू मेंदूकडे जातात, तेही अशा झटक्यात कापले जाऊ शकतात. जीव वाचतो, सीटी स्कॅन सुधारतो, घरचे पेढे घेऊन येतात. आणि दोन महिन्यांनी बाई सांगते की दूध उतू जाऊन करपले तरी कळत नाही, गॅस चालू राहिला तरी कळत नाही, जेवणाला चव राहिली नाही. बहुतेक वेळा ही तक्रार ती शेवटी, उठता उठता सांगते. सासू म्हणते, अलीकडे हिचे लक्षच नसते, चिडते फार. तेही मेंदूच्या चेचलेल्या पुढच्या भागाचेच लक्षण असू शकते, पण घरात ते स्वभाव म्हणून जमा होते.

मोटार वाहन कायद्याने मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला. २०२२ मध्ये केलेल्या केंद्रीय नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलालाही मापाचे हेल्मेट, चालकाला बांधणारा पट्टा आणि चाळीसची वेगमर्यादा लागू आहे. किती घरांना हे ठाऊक आहे? हेल्मेट हा आपल्याकडे चालवणाऱ्याचा दागिना झाला आहे. तो कमावता, म्हणून त्याला. पोलिसांची शिट्टीही त्याच्याकडेच पाहून वाजते. आणि जडत्व कमावता कोण हे विचारत नाही.

मोटारीत हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडते. एका अपघातात तीन टकरी होतात. गाडी समोरच्या वस्तूवर आदळते. आतला माणूस गाडीच्या आतल्या भागांवर आदळतो. आणि त्याचे अवयव त्याच्याच शरीरात आदळतात. पहिल्या टकरीत गाडीचे नाक चेमटते. आपले लोक म्हणतात, पूर्वीच्या गाड्या काय मजबूत होत्या, आताचा पत्रा बघा, पापड. तो पापडच हवा. नाक अर्धा-पाऊण मीटर चेमटते, म्हणजे गाडीला थांबायला तेवढी जागा मिळते. पण ती जागा तुम्हाला मिळायची तर तुम्ही गाडीला बांधलेले असायला हवे. पट्टा नसेल तर गाडी थांबते, तुम्ही पूर्ण वेगात पुढे जाता आणि चेमटण्याचा सगळा फायदा वाया जातो. तिसऱ्या टकरीत यकृत आणि प्लीहा फाटतात. हृदयातून निघणारी महाधमनी छातीत कमानीसारखी वळते. कमान थोडी मोकळी असते, पाठीच्या कण्याला लागून खाली उतरणारा भाग मात्र जखडलेला. मोकळा भाग पुढे जातो, जखडलेला जागीच राहतो, आणि दोघांच्या सांध्यावर धमनी फाटते. असे रुग्ण आमच्यापर्यंत क्वचितच जिवंत पोहोचतात.

नीट बांधलेले शरीर किती सोसू शकते, हे अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःवर पाहिले. १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटने ढकललेल्या गाड्यावर त्यांनी ताशी १०१७ किलोमीटरचा वेग गाठला आणि सुमारे १.४ सेकंदांत थांबले. त्यांच्या शरीरावर कमाल बल गुरुत्वाच्या ४६ पट होते. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले. पण ते बरे झाले, नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत जगले आणि मोटारींत पट्टे असावेत म्हणून झगडत राहिले. त्यानंतर १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीतले अभियंते निल्स बोलिन यांनी खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा पट्टा आणला. त्याआधी ते विमानांची आपत्कालीन आसने बनवत. हा पट्टा बल पोटासारख्या मऊ भागावर न टाकता छातीच्या पिंजऱ्यावर आणि कमरेच्या हाडांवर टाकतो, आणि टाकताना थोडा ताणला जाऊन आणखी काही सेंटिमीटर मिळवून देतो. कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांना खुले ठेवले.

मागच्या सीटवर पट्टा नको, मागे सुरक्षित असते, हा समज आपल्याकडे सुशिक्षितांतच अधिक घट्ट आहे. केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीतल्या अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले, तेही मागच्या सीटवर. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. पन्नासच्या वेगातली गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर मागचा सत्तर किलोचा माणूस पुढच्याच्या पाठीवर जवळपास एक टनाच्या बलाने जातो. त्याच हिशेबाने आईच्या मांडीवरचे दहा किलोचे बाळ तिच्या हातांना एकशेचाळीस किलोचे होते. 'मी घट्ट धरते' या वाक्यातल्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण एकशेचाळीस किलो कोणाच्याच हातांना पेलत नाहीत.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते आणि १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता. पट्टा न लावलेल्यांपैकी जवळपास निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते. हेल्मेट असते तर हे सगळे वाचले असते असा याचा अर्थ नाही. ट्रकच्या चाकाखाली हेल्मेट उपयोगी पडत नाही. पण यांतल्या पुष्कळांना काही सेंटिमीटर हवे होते.

दंड वाढवल्याने हे सुटेल असे मला वाटत नाही. दंडाची भीती चौकापुरती असते आणि चौक ओलांडला की हेल्मेट आरशावर जाते. त्यापेक्षा दोन कामे तातडीची वाटतात. एक, गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत तो दहा सेंटिमीटर उंच, साडेतीन मीटरांहून रुंद, गोलाईचा आणि आधी फलक लावलेला असावा असे सांगितले आहे. प्रत्यक्षात एखादे मूल गाडीखाली येते, गाव संतापते आणि रातोरात डांबराचा बांध घातला जातो. तो संताप समजण्यासारखा आहे. पण त्या बांधावरून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावची बाई पडते. बांध घालणाऱ्यांनी नव्हे, तर तो मानकाप्रमाणे करून, रंगवून देणे ज्यांचे काम आहे त्यांनी याचे उत्तर द्यावे. दुसरे, नवी दुचाकी विकताना सोबत हेल्मेट द्यायचा नियम आहेच. ती दोन द्यावीत आणि दुसरे मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर मापून द्यावे.

माप पाहणे सोपे आहे. हेल्मेट घालून हनुवटीखालची पट्टी लावावी. पट्टी आणि हनुवटी यांत दोन बोटांपेक्षा जास्त जागा नसावी. मग मागची कड धरून ते पुढच्या बाजूला जोराने ओढावे. निघून हातात आले, तर ते परत देऊन लहान मापाचे मागावे.